शुशानच्या दगडाचे तोंड

४ मार्च

वारसा समितीचे पत्र आले. पाकिटावर 'सेरोब चिलोयान' हे नाव बरोबर लिहिले होते, एकही अक्षर चुकलेले नाही. एवढ्यावरूनच माणसे कामाची असावीत असे वाटले.

राजधानी येरेवानहून डॉ. झारुही नावाच्या बाई १२ एप्रिलला आमच्या सेवाकार गावी येणार. माझ्या वहीतली क्रमांक ११७ ची क्रूसशिळा त्या तपासणार. ती तेराव्या शतकातली ठरली की राष्ट्रीय यादीत जाईल, मग ईस्टरनंतर ग्युम्रीच्या संग्रहालयात. खाली पाटी लागेल : शोध – सेरोब चिलोयान, सेवाकार.

विजेचे मीटर वाचत एकोणतीस वर्षे हा जिल्हा पायाखाली घातला आहे. लोकांचे मीटर वाचून झाले की मी त्यांच्या कबरस्तानात, पडक्या चर्चमागे, गोठ्याच्या भिंतीत बसवलेले दगड मोजतो. आजपर्यंत २१३ शिळा झाल्या. प्रत्येकीला वहीत सहा रकाने : उंची, रुंदी, जाडी, शतक, कारागीर, दिशा.

१९८८ चा भूकंप झाला त्या साली मी दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेज पडले, वडील कारखान्याखाली गेले, माझे शिक्षण तिथेच गाडले गेले. पुढचे सगळे स्वतः शिकलो. एका चर्चासत्रात एका विद्वानाने विचारले होते, आपण कुठल्या विद्यापीठाचे. मी म्हणालो, वीज खात्याचे. तो हसला होता. आता हसून दाखव म्हणावे.

पत्र सातेनिकला वाचून दाखवले. बायको म्हणून तिला आनंद झालाच. पण लगेच म्हणाली, आत्याला आधी सांग. मी म्हणालो, तिला शतकांतले काय कळते?

१२ मार्च

आज ११७ ची दिशा दुरुस्त केली.

क्रूसशिळेचे कोरीव तोंड पश्चिमेला असते. म्हणजे समोर उभा राहणारा पूर्वेकडे बघून प्रार्थना करतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ११७ मात्र बरोबर उलटी उभी होती, तोंड पूर्वेला. कारण सोपे आहे. १९५७ साली सामूहिक शेतात ती नांगराला लागली. ट्रॅक्टरवर आमचे आजोबाच होते. शेताचा अध्यक्ष म्हणाला, शेतातून हटव तो धोंडा. आजोबांनी तो ओढत नेला आणि नदीच्या कड्यावर, जमेल तसा उभा केला. आजोबा चार यत्ता शिकलेले, त्यांना दिशेचे काय ठाऊक. समितीपुढे ही अडाणी चूक दाखवणे मला जमणार नव्हते.

थडग्यांचे दगड घडवणारा राझमिक त्याचा ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन आला. ४५० किलो वजन, माझ्या हिशेबाने. शिळा वळवायला दोन तास लागले. ओळंबा लावून पाहिला, अर्ध्या अंशाचाही फरक नाही.

आता प्रार्थना करणाऱ्याला शिळा आणि कडा यांच्या मध्ये उभे राहावे लागते. मी मोजले, २ मीटर ६० सेंटीमीटर. पाठीमागे दरी, खाली तारेचे कुंपण, नदी, आणि नदीपलीकडे तुर्कस्तान. राझमिक काठावरून खाली डोकावला आणि म्हणाला, "प्रोफेसर, भाविकांना पंख कधी वाटणार?"

मी लक्ष दिले नाही. जागा कमी आहे म्हणून नियम बदलत नसतो.

मग तो शिळेवरून हात फिरवत बसला. म्हणाला, हा काही उस्ताद नव्हता. वरच्या कोपऱ्यात हात चाचरतोय, खाली येईपर्यंत शिकलाय. मी त्याला समजावले की मोठ्या कार्यशाळांत वरचा भाग शिष्याला देत आणि खालचा गुरू करी. राझमिक म्हणाला, असेल बुवा, माझ्याकडे तर उलटं असतं. थडगी घडवणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

१७ मार्च

आत्या माझ्याशी बोलत नाही.

हेघनुश आत्या, आजोबांची एकुलती मुलगी. वय ७६. लग्न केले नाही. अंगणाच्या पलीकडच्या खोलीत राहते, जेवायला आमच्याकडे येते. दर रविवारी काठी टेकत कड्यावर जाऊन ११७ पुढे उभी राहते. आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, मृतांच्या दिवशी, अख्खे गाव आपापल्या थडग्यांवर धूप जाळत असते तेव्हा ही आधी त्या दगडापुढे धूप लावते आणि मग आपल्या आईबापांच्या कबरीकडे वळते. मी तिला कित्येकदा सांगितले आहे की ते थडगे नव्हे, ती कलावस्तू आहे.

आज ती तिथून लवकर परतली. दारातच विचारले, "दगड कुणी फिरवला?"

मी म्हणालो, मी. कारणही सांगितले, नियमासकट.

"मला विचारलं नाहीस."

"तुला काय विचारायचं, आत्या? हे शास्त्र आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी लहानपणी काचेची बरणी फोडली होती तेव्हा बघितले होते तशी. मग आपल्या खोलीत गेली. दुपारी सातेनिकने तिच्यासाठी अवेलुकच्या रानपाल्याची भाजी आणि पातळ लवाश रोटी पाठवली. ताट जसेच्या तसे परत आले.

संध्याकाळी अंगणात बसून गादीची लोकर काठीने झोडपत होती. ह्या वयात असे झोडपणे बरे नाही. कुंपणापलीकडून राझमिक ओरडला, "हेघनुश आत्या, लहानपणी झोडपलीस तेवढी पुरली नाही का? माझी आई सांगायची, त्या दोन हिवाळ्यांत तू झोडपलेल्या लोकरीवर सगळी पलटण झोपली असती." एरवी आत्या त्याला शिवी हासडते. आज तिने काठी खाली ठेवली आणि आत गेली.

२६ मार्च

समितीपुढे ठेवायचा लेख पूर्ण. एकतीस पाने.

पहिल्या चार पानांत मी मूळ प्रश्नालाच हात घातला आहे : आर्मेनियन माणूस म्हणजे कोण? रक्त म्हणावे तर ते कुणाचे शुद्ध आहे? भाषा म्हणावी तर बैरूतच्या, पॅरिसच्या आपल्याच माणसांना ती धड येत नाही. माझे उत्तर असे, की ज्याला आपले काय होते ते पुराव्यानिशी दाखवता येते तो. १९१५ च्या कत्तलीपासून जगाने आम्हाला शंभर वर्षे एकच विचारले आहे, दाखला आणा. आठवण हा दाखला नव्हे. आठवण घरोघर वेगळी असते, रडते, वाढते, आटते. दगड आटत नाही. म्हणून मोजमाप हे आमच्यासाठी ज्ञानच नव्हे, तर अस्तित्व आहे. हे वाक्य मला स्वतःला फार आवडले आहे.

पुढे ११७ चा तपशील. क्रूसाखाली एकच ओळ : शुशानची आठवण ठेवा. ही शुशान माझ्या मते एखाद्या सरदार घराण्यातली स्त्री. आमच्या पणजीचे नावही शुशान होते, ती १९२० च्या पळापळीत नदीपलीकडच्या झोराकुत गावी वारली. सातशे वर्षे एकच नाव एकाच परिसरात टिकून राहते, ह्याहून सांस्कृतिक सातत्याचा आणखी पुरावा काय हवा? तळटीप क्रमांक १९ मध्ये हे घातले आहे.

उजव्या किनारीतले शेवटचे पान अर्धवट कोरलेले आहे. ह्याचाही उलगडा मी केला आहे. मंगोल स्वारीमुळे काम थांबले असणार. तळटीप २३.

सातेनिक ऐकता ऐकता विणत होती. तिने विचारले, आत्याला वाचून दाखवलंस का? हिला दुसरे काही सुचत नाही.

५ एप्रिल



सकाळपासून बर्फमिश्रित पाऊस. दहा वाजता सातेनिक धावत आली, आत्या खोलीत नाही, काठीही नाही. मी कड्याकडे पळालो.

ती शिळेसमोर उभी होती. म्हणजे शिळा आणि दरी यांच्या मध्ये. पण शिळेकडे पाठ करून. तोंड नदीकडे. बूट काठापासून हातभरही नव्हते आणि खालची माती सुटत होती. मी हाक मारली असती तर ती दचकली असती म्हणून मारली नाही. मागून जाऊन कोटाला धरले आणि ओढले. दोघेही चिखलात बसलो.

ती घाबरलेली नव्हती. मीच घाबरलो होतो.

"इथून दिसतं, पण दगड मागे राहतो," ती म्हणाली. "दोन्ही एकदम होत नाही आता. फिरव तो, सेरोब जान. होता तसा कर."

मी म्हणालो, आठ दिवसांवर समिती आली आहे आत्या, बारा तारखेनंतर तू म्हणशील ते. ती म्हणाली, बारानंतर तो इथे असणार कुठे? हे तिला कुणी सांगितले? सातेनिकनेच.

तिला पाठंगुळी घेऊन घरी आणले. वजन काहीच नाही तिचे. वाटेत तिने माझ्या कानाशी विचारले, शिळेवरची द्राक्षं किती मोजलीस? मी म्हणालो, अठ्ठावीस. ती म्हणाली, एकोणतीस, एक डाव्या पानाखाली लपलंय.

म्हातारी माणसे बडबडतात. तरी दुपारी, ती झोपल्यावर, मी टॉर्च घेऊन परत गेलो.

एकोणतीस आहेत.

१२ एप्रिल

आल्या आणि गेल्या.

झारुही बाई चाळिशीच्या, बुटक्या, बोलणे थोडे. मी अपेक्षा केली होती तशी एकही शंका त्यांनी लेखाबद्दल काढली नाही. शिळेपुढे गुडघ्यावर बसल्या, भिंगातून तासभर टाकीचे घाव पाहिले, फोटो काढले. नक्षी खरोखर तेराव्या शतकातल्या धाटणीची आहे म्हणाल्या. मी राझमिककडे बघितले. तो टोपी नीट करत होता.

मग दिशेचे त्यांनी आपणहून विचारले. मी सांगितले, ती चूक मी दुरुस्त केली आहे. मला वाटले त्या मान डोलावतील.

"आम्ही यायच्या आधी?" त्या म्हणाल्या. "चूक होती तर तीही मला बघायची होती."

हे त्या हळू आवाजात म्हणाल्या. तरी कानशिलात बसावी तसे झाले.

शेवटी घरी कॉफी. आत्याने ती स्वतः केली, चार आठवड्यांत पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकले. बाई तिच्याशीच बोलत बसल्या, लोकर कशी झोडपतात, काठी कुठल्या झाडाची, असले काहीतरी. मी तळटीप २३ उघडून शेजारी उभा. शेवटी मीच विषय काढला तेव्हा बाईंनी एक अर्ज माझ्यापुढे ठेवला. शोधकर्त्याचे निवेदन. 'वरील शिळा माझ्या माहितीप्रमाणे तेराव्या शतकातील असून...' खाली सही.

मी पेन काढले. त्या म्हणाल्या, आत्ता नको. ईस्टर होऊ द्या. मंगळवारी तेवीस तारखेला ट्रक येईल, तेव्हा सही केलेला कागद द्या. सही नसेल तर ट्रक रिकामा जाईल. आणि निघताना दारात म्हणाल्या, "घरात एकदा विचारून घ्या, चिलोयान."

घरात विचारून घ्या. येरेवानच्या बाईला वाटते की खेड्यातला माणूस बायकोला विचारल्याशिवाय सही करत नाही. अपमान गिळला. पण नक्षी मान्य झाली, हे महत्त्वाचे.

२० एप्रिल

उद्या ईस्टर. सातेनिक कांद्याच्या सालीत अंडी रंगवत होती. मी टेबलाशी अर्जावर नाव टाकत होतो. 'सेरोब' लिहून झाले होते.

आत्या आली. कागदावर लोकरीचा एक जुना मोजा ठेवला. आत काहीतरी जड होते. मी मोजा उलटा केला. दगड कोरायच्या तीन टाक्या निघाल्या. एक सपाट, एक टोकदार, एक दातेरी.

"बाबांच्या," ती म्हणाली.

मग तिने उभ्यानेच सांगितले. मी बस म्हणालो तरी बसली नाही. ती जे म्हणाली ते शक्य तितके तसेच्या तसे उतरवतो, कारण ते आणखी कुठेच लिहिलेले नाही.

१९२० साली आजोबा बारा वर्षांचे. झोराकुतमधून सगळे निघाले. शुशानला, त्यांच्या आईला, टायफसचा ताप होता, चालवत नव्हते. गाडीत जागा नव्हती. चर्चच्या भिंतीशी एक क्रूसशिळा होती, तिला टेकवून आईला बसवले आणि सांगितले, संध्याकाळी न्यायला येतो. नदी उतरताना आजोबांनी मागे वळून बघितले. ती दगडाला टेकून बसली होती. संध्याकाळी नदीवर तुर्की सैन्य होते.

"बाबा थडगं बांधू शकले नाहीत. आईचं काही हाती लागलंच नाही. दगड तेवढा डोळ्यांत राहिला होता. तो त्यांनी डोळ्यांतून काढला."

दोन हिवाळे, गोठ्यात, गवताच्या आड. त्या सोव्हिएत काळात क्रूस कोरणाऱ्याचे काय झाले असते हे मला सांगायला नको. टाकीचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तेरा वर्षांची आत्या दारात बसून लोकर झोडपत होती. आजोबांचा एक घाव, हिचा एक. ते थांबले की ही थांबायची. मग वसंतात शिळा स्वतःच शेतात पुरली, आणि स्वतःच नांगराने 'शोधली'.

मी म्हणालो, हे शक्य नाही. आजोबांना दगडकाम येत नव्हते.

"नव्हतंच येत. कुणी शिकवलं नाही. तुझ्यासारखंच."

मी विचारले, मग किनारीतले शेवटचे पान अर्धे का? खरे तर मी सापळा लावला होता.

"लोकरीचा भुगा झाला होता," आत्या म्हणाली. "आई म्हणाली, आता पुरे, लोक विचारतात किती गाद्या शिवता."

मग मी ओरडलो. एकतीस पाने, आठ वर्षे, एवढे दिवस गप्प का बसलीस, असे बरेच. आत्या म्हणाली, "बाबांनी शपथ घातली होती. आणि तू आनंदात होतास. कॉलेज पडल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, शतक काय लावायचं ते लाव, दगड तिथेच राहील." इथे तिचा आवाज फुटला. "मग तू फिरवलास."

ती गेल्यावर मी दातेरी टाकी घेऊन कड्यावर गेलो. कॅलिपर नेला होता. सात दाते, दोन दात्यांत चार मिलिमीटर, तिसरा दाता तुटका. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या घावांवर टाकी ठेवली. सहा रेघा, चार मिलिमीटर, तिसरीची जागा रिकामी. खाली ठेवली. तेच. सतरा ठिकाणी ठेवली.

हे घाव मी आठ वर्षांपूर्वीच मोजले होते. सुटलेली रेघ वहीत नोंदवलेली आहे.

२१ एप्रिल

ईस्टर. अंड्यांच्या टकरीत राझमिकने सगळ्यांना हरवले. मला काही खाववले नाही. अर्ज टेबलावर आहे. 'सेरोब' एवढेच लिहिलेले. आडनाव पुरे केले तर कुणालाही कळणार नाही. आत्या बोलणार नाही. झारुही बाईंना संशय असेल, पण संशय हा पुरावा नव्हे, हे मीच लिहिले आहे, पान ९.

संग्रहालयात पाटी. हसणारा तो विद्वान. दुसरीकडे काय? एका ट्रॅक्टरवाल्याने १९५७ साली केलेली नक्कल, आणि ती न ओळखणारा त्याचा नातू.

सातेनिकने दिवसभर काही विचारले नाही. फक्त जाताना अर्जावरचा रंगाचा थेंब पुसला, म्हणजे तो खराब होऊ नये. मला का कुणास ठाऊक, त्याचेच सर्वांत वाईट वाटले.

२२ एप्रिल, मृतांचा दिवस

सकाळी सहाला राझमिकचे दार वाजवले. मी म्हणालो, साखळी घे. त्याने का म्हणून विचारले नाही. वाटेत एवढेच म्हणाला, "वरचा कोपरा चाचरतोय म्हटलं होतं मी." मी म्हणालो, हो, म्हटले होतेस. हे मी पहिल्यांदा कुणापुढे म्हणालो असेन.

पावणेनऊला शिळा पूर्वीच्या जागी, पूर्वीच्या खड्ड्यात बसली. होकायंत्र लावले. आजोबांनी ती दोन अंश उत्तरेकडे वळलेली ठेवली होती, माझ्या जुन्या नोंदीत आहे. मी ती सरळ करावी की काय ह्या विचारात होतो, पण तशीच ठेवली.

आत्या धूप घेऊन आली. सातेनिकने तिचा हात धरला होता. आत्याने शिळेवरून एकदा हात फिरवला. मला म्हणाली, आधी तू उभा राहा.

मी शिळेपुढे उभा राहिलो. उंची १६२ सेंटीमीटर, हे मला तोंडपाठ आहे. माझे डोळे तिच्या माथ्याच्या जरा वर येतात. आजोबा माझ्याएवढेच होते. माथ्यावरून समोर बघितले तर नदी दिसत नाही, कुंपण दिसत नाही. दिसते ती पलीकडच्या उतारावरची चर्चची अर्धी भिंत, झोराकुतची. बरोबर क्रूसाच्या डोक्यावर. शिळा दोन अंश वळवली असती तर भिंत बाजूला गेली असती.

आठ वर्षांत ह्या शिळेचे मी चौऱ्याहत्तर फोटो काढले. एकाही फोटोत मी मान वर केलेली नाही.

आत्याने धूप पेटवला. "आजी, हा सेरोब," ती भिंतीकडे बघून म्हणाली. "उशीर झाला, पण न्यायला आलो आहोत."

राझमिकने टोपी काढली होती. धूर माझ्या डोळ्यांत गेला.

घरी येऊन झारुही बाईंना फोन केला. उद्या ट्रक पाठवू नका म्हणालो, आणि का ते सांगितले. मध्ये एकदाही थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर राहिले असते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, झोराकुतच्या त्या शिळेचा एकही फोटो कुणाकडे नाही, तुमच्या आत्यांना वडिलांकडून ऐकलेलं आठवतं ते सगळं लिहून काढा. मी म्हणालो, मला पद्धत माहीत आहे. त्या म्हणाल्या, ते दिसतंच.

एकतीस पानांपैकी तीन राहतील. तळटीप १९ आणि २३ रद्द. आत्या जेवायला आली, दोनदा वाढून घेतले.

आता वही उघडली आहे. क्रमांक ११७.

शतक : तेरावे. खोडले. १९५५ ते १९५७, दोन हिवाळे.
कारागीर : अज्ञात. खोडले. मुकुच चिलोयान, ट्रॅक्टरचालक, काम स्वतः शिकलेला. साहाय्य : हेघनुश, मुलगी, वय १२ ते १४.
दिशा : चुकीची, दुरुस्त केली. खोडले. बरोबर.